नख लावलेले तुकडे

११ जानेवारी

चिमणी काल तिच्या गावी परत गेली. जाताना ही डायरी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "काकू, रोज दोन ओळी लिही. बोलत नाहीस, तर निदान लिही तरी." चिमणी म्हणजे माझी पुतणी, थोरलीची मुलगी. तिशी उलटली, शाळेत गणित शिकवते, पण घरात अजून चिमणीच.

लिहायला काय झालंय? थोरली गेली. ते सगळ्यांना माहीत आहे.

थोरली माझी जाऊ. लोक म्हणतात, जावा जावा, उभा दावा. आमचाही होता, फक्त ती टेबलाशी उभी असायची आणि मी मशीनवर बसलेली. घराच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी शिवणकाम करायचो. शर्ट, फ्रॉक, पडदे, अभ्रे, येईल ते. ती कापायची, मी शिवायचे. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून हे असंच. मी मोठी कात्री उचलली की म्हणायची, "ठेव गं, धाकटे. तुझ्या हाताला घाई आहे. शिवण उसवता येते, कापलेलं कापड परत जोडता येत नाही." म्हणून मी कधी कापलंच नाही. दोरा तोडायची छोटी कात्री माझी, मोठी तिची.

चिमणी एक काम लावून गेली आहे. खोलीत चिंध्यांची पोती साठलेली आहेत, भिंतीला टेकून. म्हणाली, "त्यातून मला एक गोधडी करून दे. घाई नाही." घाई नाही म्हणे. निवडणार कोण?

जेवताना हे म्हणाले, "कापणारी गेली. आता खोली चालवायची की बंद करायची, ते तुझं तू ठरव. मी काही बोलणार नाही." बोलले ते बोललेच की.

उद्या पोती काढते. टेबल मोकळं नाही, जमिनीवरच बसावं लागेल.

१२ जानेवारी

चिंध्या निवडायचे नियम माझे आहेत, थोरलीचे नाहीत. तिला काही टाकवतच नसे, म्हणून तर एवढी पोती. "असू दे गं, लागेल कधीतरी." हा तिचा एकच नियम.

माझं असं. सुती असेल तर ठेवायचं. उजेडासमोर धरून पलीकडची खिडकी दिसली तर टाकायचं, कापड विरलं आहे. तळहातापेक्षा लहान तुकडा टाकायचा. उरेब, म्हणजे तिरपा कापलेला असेल तर टाकायचा, तो धुण्यात ताणतो आणि शेजारच्यालाही वाकडं करतो. लाल आणि गडद निळं ओलं करून पांढऱ्यावर घासून बघायचं, रंग सुटला तर सरळ बाहेर. आणि नख लावलेला तुकडा असेल तर विचारही करायचा नाही, टाकायचा.

नख हा आमच्या खोलीतला शब्द, बाहेर सांगितला तर लोक हसतील. नवं कापड टेबलावर पसरलं की थोरली आधी त्याच्या कोपऱ्याला कात्रीच्या टोकाने एक तिरपी चीर द्यायची, नखाएवढी. आणि मान वाकडी करून ऐकायची. म्हणायची, कापड कसं चालणार ते पहिल्या चिरेतच कळतं, शितावरून भाताची परीक्षा. मी म्हणायचे, "ताई, कापड बोलायला लागलं तर पहिल्यांदा तुम्हालाच शिव्या देईल." हसायची, आणि पुढच्या कापडाला पुन्हा तेच. तो कोपरा मग उरलेल्या तुकड्यांत जायचा. गोधडीला असा तुकडा वाईट. कितीही टाके घाला, धुतलं की चीर पुढे पळते.

नियम म्हणजे नियम.

१४ जानेवारी

एक पोतं अर्धं झालं.

राखाडी शर्टिंग, जाड, चांगलं हातभर. टाकलं. रंग मेलेला आहे.

पिवळ्यावर पांढरे ठिपके, कुणाच्या तरी फ्रॉकचं. तळहाताच्या निम्मंही नाही, कोपऱ्याला नख आहे. पण गोधडीत पिवळा लागतोच. ठेवलं.

हिरवी रेघ, कोरी करकरीत, सुती, काठासकट. टाकली. एवढं कोरं कापड बाकीच्यांत शहाणपणा करतं.

पडद्याचं तपकिरी जाडंभरडं, नखवालं. चीर लहान आहे, मागून ठिगळ लावता येईल. ठेवलं.

दुपारी शेजारीण डोकावली. म्हणाली, "तुम्ही खूप धीराच्या हो." धीर कसला? मला काही वाटतच नाही. जीभ भाजली की दोन दिवस कशाचीच चव लागत नाही, तसं आहे. जेवते, झोपते, चिंध्या निवडते. हे बरोबर नाही हे मला कळतं, पण कळून काय करायचं ते कळत नाही.

१५ जानेवारी

चार वाजता भावजी चहा घेऊन आले. भावजी म्हणजे थोरलीचे यजमान, यांचे मोठे भाऊ. निवृत्त झाल्यापासून दुपारचा चहा त्यांच्याकडे. खोलीत येत नाहीत आता, दारातल्या स्टुलावर ट्रे ठेवतात, "चहा" म्हणतात आणि वळतात. ट्रेमध्ये दोन कप.

त्यांचा हात तसाच चालतो. एक कप परत पाठवायचा म्हणजे त्यांना काय वाटेल? दोन्ही मीच पिते. रोज पिते. पोटात आग पडते.

१७ जानेवारी

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. दवाखान्याच्या पडद्यांचं कुठवर आलं?

म्हटलं, त्या रंगाचा दोरा मिळत नाहीये.

दोरा ड्रॉवरमध्ये आहे. थोरलीनेच आणून ठेवलाय, जास्तीचं रीळसुद्धा. त्यांचं कापड टेबलावर आहे. वर मी चादर घातली आहे, धूळ बसू नये म्हणून.

आणखी एक पोतं झालं. ठेवलेल्यांचा ढीग काही वाढत नाही.

२० जानेवारी

आज एक गंमत सापडली. पोत्याच्या अगदी तळाशी उशीचा अभ्रा होता, तोंडाला गाठ मारलेला. गाठ अशी की दाताने सोडवावी लागली. आत दोन बाह्या. आकाशी शर्टिंग, पूर्ण लांबीच्या, न शिवलेल्या, नुसत्या कापलेल्या. आणि दोन्ही डाव्या. शेजारी शेजारी ठेवल्या, फिरवून बघितल्या. कापडावर एकाच बाजूने रेघ छापलेली आहे, त्यामुळे पालटून उजवी करायचीही सोय नाही. दोन डाव्या बाह्यांचा शर्ट घालणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

थोरलीचं काम नव्हे हे. तिच्या हातून बाही चुकणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. कापड मात्र ओळखीचं आहे, पलीकडच्या गल्लीतल्या वकिलांच्या शर्टाचं. मागच्याच महिन्यात शिवला. त्या वेळी कापड कमी भरलं म्हणून थोरली भर दुपारी स्वतः जाऊन आणखी घेऊन आली होती. मी दुकानदाराला घरबसल्या दोन शिव्या हासडल्या, मापात मारतो मेला. ती म्हणाली, "जाऊ दे गं." थोरली आणि जाऊ दे! तेव्हाच नवल वाटलं होतं.

असो. कापड चांगलं आहे, मोठं आहे, सुती आहे. कोपरे बघितले, नख कुठे नाही. टाकल्या.

२३ जानेवारी

हे रविवारी मशीनला तेल घालतात, या वेळी शुक्रवारीच घालायला आले. घालता घालता ढिगाकडे बघून म्हणाले, "हे ठेवायचे? आणि ते मोठे मोठे टाकायचे? उलटं नाही ना झालं?"

म्हटलं, "गाढवाला गुळाची चव काय. तेल घाला तुम्ही."

ते हसले नाहीत. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत आयुष्य गेलं त्यांचं, हजार माणसं रोज तेच तेच विचारतात, तरी चिडत नाहीत. तशाच आवाजात म्हणाले, "तू अजून रडली नाहीस."

"रडले तर काय मिळणार आहे?"

"मिळणार काही नाही. विचारलं आपलं."

मशीन आता छान चालतं. चालवायला काही नाही.

२६ जानेवारी

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. "जवळच आले होते" म्हणाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवतात माणसं. बसल्या, पाणी प्यायल्या, एका पोराने त्यांचं कानाला लावायचं नळकांडं कसं चावलं ते सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, होत नसेल तर कापड तसंच द्या. मला राग नाही. पण पुढच्या आठवड्यात काय ते सांगा, खिडक्या उघड्या आहेत."

मी मान डोलावली.

त्या गेल्यावर चादरीकडे बघत बसले. खाली काय आहे ते मला माहीत आहे. लिहूनच टाकते. त्या दिवशी ती त्यांचे पडदे कापत होती. माझी पाठ तिच्याकडे होती, मशीन चालू. पडद्याच्या कापडावर तिची कात्री करकर वाजते, ती वाजायची थांबली. मला वाटलं चहा आला.

चहा नव्हता. डोक्यातली नस फुटली होती, दवाखान्यात पोचेपर्यंत ती बोलली नाही आणि नंतरही नाही.

कात्री अजून त्या कापडातच आहे. मी काढली नाही. कुणालाही काढू दिली नाही. कापड परत द्यायचं म्हणजे आधी कात्री काढावी लागेल.

२७ जानेवारी

आज काही नाही.

२९ जानेवारी

शेवटचं पोतं संपलं. टाकलेलं सगळं परत पोत्यांत भरून अंगणात ठेवलं. चिंध्यावाला रविवारी येतो, तो गॅरेजवाल्यांना हात पुसायला देतो. ठेवलेलं एका पिशवीत मावलं.

यांनी पुन्हा विचारलं, खोलीचं काय ठरवलंस. म्हटलं, बंद करू. तोंडातून निघालं तसं. ते म्हणाले, "बरं." मी म्हटलं, "बरं काय बरं? एवढ्या वर्षांचं काम आहे!" तर ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचंही बरोबर आहे. मला कापता येत नाही आणि मला बंदही करता येत नाही.

३१ जानेवारी

चिमणी आली, दोन दिवसांची सुट्टी काढून. आल्या आल्या म्हणाली, "काकू, वाळलीस." आणि मग, "दाखव माझी गोधडी."

पिशवी जमिनीवर ओतली. तिने एकेक तुकडा ओळीत मांडला, पोरांच्या वह्या मांडाव्यात तसे. 

"काकू, तू काय बघून ठेवलेस हे?"

"कापड बघून. दुसरं काय बघतात?"

"हे तर नायलॉन आहे."

"रंग चांगला आहे."

"हा करंगळीएवढा आहे!"

"काठाला लागेल."

"काकू, हे सगळे कोपरेच आहेत. गोधडी आहे की कोपऱ्यांची सभा?" हसली, आणि हसता हसता थांबली. एक तुकडा उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. "प्रत्येकाला आईचं नख आहे. एकूण एकाला."

म्हटलं, "असेल. तुझी आई सगळ्या कापडांनाच लावायची."

"मग अंगणातल्या पोत्यांत मी आत्ता हात घातला, त्यात एकालाही कसं नाही?"

गणित शिकवणाऱ्यांचं हे असतं, उत्तर मिळाल्याशिवाय चैन पडत नाही. मी उठून मागे गेले आणि कपडे वाळत घातले. ते वाळलेलेच होते, हे सगळे दोरीवर टाकून झाल्यावर लक्षात आलं. आत आले तेव्हा चिमणी रडत होती. तिला रडू येतं, तिचं बरं आहे.

१ फेब्रुवारी

आजचं नीट लिहिते, हात दुखतोय तरी.

सकाळी चिमणी म्हणाली, "काकू, चादर काढू या." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग डॉक्टरीणबाईंना तू फोन कर आणि सांग की कापड परत देता येत नाही." आईवर गेली आहे. मी एक टोक धरलं, तिने दुसरं.

सगळं तसंच होतं. एका बाजूला कापून झालेले चार पडदे, घडी घालून. पाचवा निम्म्यापर्यंत चिरलेला आणि त्यात कात्री, तोंड उघडं. खडूची रेघ पुढे गेलेली.

मी टेप उचलला. का उचलला माहीत नाही, हातांना सवय. डॉक्टरीणबाईंनी दिलेली खिडकीच्या मापाची चिठ्ठी कापडाला टाचणीने लावलेली होती. मोजलं. पुन्हा मोजलं. मग चिमणीला मोजायला लावलं.

थोरलीने खिडकीच्या मापाएवढंच कापलं होतं. वर दांडी घालायला कापड नाही, खाली दुमडायला नाही. चारही पडदे तसे, आणि पाचव्याची रेघही तिथेच. पहिल्या दिवशी शिकायला आलेली पोरगीसुद्धा विचारते, बाई, दुमडीला किती सोडू? आणि कोपरे बघितले. चारही बघितले. नख नव्हतं.

मी ओरडले. "ताई, दुमड विसरलात? मला जन्मभर कात्रीला हात लावू दिला नाहीत, माझ्या हाताला घाई, आणि स्वतः दुमड विसरलात? आता हे मी कसं जोडू? सांगा ना, कसं जोडू?" मेलेल्या माणसाशी भांडले. टेबलावर हात आपटला, खडू खाली पडून फुटला.

चिमणीने माझा खांदा धरला. म्हणाली, "काकू, आई फोनवर मला दोन-तीनदा आत्याच्या नावाने हाक मारत होती. मी हसले. म्हणाली, अगं वय झालं. हातातून भांडी पडतात म्हणाली. आणि वर म्हणाली, कुणाला सांगू नकोस."

दारात भावजी उभे होते, माझा आरडाओरडा ऐकून आलेले. आत नाही आले. म्हणाले, "मलाही बोलली होती. बोटं बधिर होतात, खडूची रेघ दोन दिसते. मी म्हटलं, चल, दाखवून येऊ. म्हणाली, पडदे होऊ देत, मग जाऊ. धाकटीला आत्ता काही बोलू नका. तिला कळलं तर ती मला कापू देणार नाही."

मग मला बाह्या आठवल्या.

गाठ मारलेला अभ्रा. पोत्याचा तळ. भर दुपारी जाऊन आणलेलं जास्तीचं कापड, आणि "जाऊ दे गं." माझ्यापासून लपवल्या होत्या तिने. घरात दुसरं आहेच कोण, ज्याला डाव्या-उजव्या बाहीतला फरक कळतो?

अंगणात धावले. पोती नव्हती. हे म्हणाले, "चिंध्यावाला आत्ताच घेऊन गेला. तूच म्हणालीस ना रविवारी दे म्हणून?"

कोपऱ्यावरच्या गॅरेजपुढे त्याची हातगाडी दिसली. मी पळाले. या वयात या गुडघ्यांनी पळाले. त्याला म्हटलं, "पोती उतरव."

"काय हरवलं, बाई? दागिना का?"

"बाही."

"काय?"

"बाही! डावी. दोन आहेत, दोन्ही डाव्या आहेत."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं कुणीही बघेल. पण पोत्याची गाठ सोडली. मी रस्त्यातच बसले आणि उपसायला लागले. राखाडी, हिरवी रेघ, चौकड्या, सगळं चांगलं चांगलं कापड, मीच टाकलेलं. एक आकाशी बाही मिळाली. दुसरी नाही. एक पोतं त्याने आधीच गॅरेजमध्ये रिकामं केलं होतं, तिथल्या लोकांनी वाटूनही घेतलं होतं.

ती एक बाही मांडीवर घेतली आणि मला रडू फुटलं. डोळे पुसण्याएवढं नव्हे, भोकाड. ताई मला घाबरत होती हो. मला! मी कात्री काढून घेईन म्हणून. आणि मी घेतलीच असती. त्यावर भांडण झालं असतं, तिने माझ्याशी अबोला धरला असता, आणि आज ती जिवंत असती की नसती ते देवालाच माहीत, पण भांडण तरी झालं असतं. मला ते भांडण हवं आहे.

चिंध्यावाल्याने त्याच्या बाटलीतलं पाणी दिलं. बाजूने गाड्या जात होत्या. हे मागून आले, हातात माझ्या चपला. मी अनवाणीच आले होते, तेव्हा कळलं. चपला पायांपाशी ठेवल्या आणि सांडलेल्या चिंध्या एकेक उचलून पोत्यात भरत बसले.

२ फेब्रुवारी

चिमणी सकाळी गेली. मी दुपारपर्यंत पडून होते. पुन्हा काही वाटत नाही, पण अंग ठणकतं, गुडघे सुजलेत. चार वाजता दोन कप आले. एकच प्यायले.

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन खरं ते सांगितलं. पडदे आखूड कापले गेलेत, चूक आमची, कापड भरून देते. दोऱ्याचं खोटं बोलले, तेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "खाली पट्टी नाही जोडता येणार? रंगीबेरंगी? सुई टोचताना पोरांना बघायला काहीतरी हवंच असतं, मावशी. सध्या मी जीभ काढून दाखवते, त्याने मोठी हसतात आणि लहान आणखी रडतात."

कापलेलं जोडता येत नाही, असं थोरली म्हणायची. येतं की. बेढब दिसतं, पण येतं.

यांनी परत आणलेल्या पोत्यातून हिरवी रेघ काढली, राखाडी काढलं, चौकड्या काढल्या. उजेडाला धरून बघितलं, ओढून बघितलं, ओलं करून घासलं. नियमाने निवडलं, पहिल्यांदाच. पट्ट्यांना पुरेल.

पण पाचवा पडदा अजून निम्माच कापलेला आहे. चार खिडक्यांना पडदे आणि पाचवी उघडी, असं काही द्यायचं नसतं.

७ फेब्रुवारी

आज सकाळी कात्री उचलली.

जड आहे. अंगठ्याच्या भोकात तिच्या अंगठ्याची झीज आहे, माझा अंगठा लहान, आत खेळतो. लगेच सुरू नाही केलं. आधी कापडाचा शेवटचा कोपरा ओढून घेतला आणि टोकाने नख लावलं. कान दिला. कच्च, एवढंच. कापड माझ्याशी काही बोललं नाही. शिव्याही दिल्या नाहीत.

मग जिथे तिचं थांबलं होतं तिथे कात्री घातली आणि खडूच्या रेघेवरून पुढे गेले. हळू गेले. घाई होतेच माझ्या हाताला, त्यात ती खोटं बोलत नव्हती. तिची चीर संपून माझी सुरू होते तिथे एक छोटा दाता पडलाय. शिवणीत जाईल, कुणाला दिसणार नाही. मला दिसेल.

यांना संध्याकाळी म्हटलं, खोली चालू राहील. म्हणाले, "बरं." या वेळी मी काही बोलले नाही.

त्याआधी चार वाजता भावजी आले. स्टुलाशी थांबले, टेबलाकडे बघितलं. मोकळं टेबल त्यांनीही इतक्या दिवसांनी पाहिलं. मग ट्रे घेऊन आत आले, टेबलाच्या कडेला ठेवला, एक कप माझ्यापुढे सारला आणि दुसरा स्वतः उचलला. उभ्या उभ्याच प्यायले. "साखर जास्त झाली," म्हणाले. झाली होती.

गोधडीचा ढीग पुन्हा मांडला. कोपऱ्यांची सभाच आहे, चिमणी म्हणते ते खरं. प्रत्येक चिरेला मागून ठिगळ लावावं लागेल, दुप्पट काम. मध्यभागी ती आकाशी बाही, आहे तशी, डावी. तिच्या चारी बाजूंनी कोपरे.

पाचवा पडदा सुटल्यावर कडेची एक पट्टी उरली. दोन बोटं रुंद. निम्मं नायलॉन. उजेडाला धरली तर पलीकडची खिडकी स्पष्ट दिसते. कड वाकडी, आणि कोपऱ्याला नख, तेही धड तिरपं नाही, माझं. यात ठेवण्यासारखं काही नाही.

ठेवली.